लस टोचली, तरी तोंडं सुजली

कोंबडीपालकांचे प्रश्न, पशुवैद्यक डॉक्टरांची उत्तरं

या महिन्याच्या टपालात निम्म्याहून जास्त पत्रं कोरायझाची, म्हणजे कोंबड्यांच्या साथीच्या सर्दीची आहेत. पाऊस सरता सरता आणि थंडी लागता लागता हे दरवर्षीचंच. सगळ्यांना वेगवेगळं उत्तर देण्याऐवजी एक पत्र सविस्तर घेते, बाकीची त्याच्या आधाराने.

प्रश्न : आमचं १२,००० लेअरचं (अंड्यांवरच्या कोंबड्यांचं) फार्म आहे. तीन शेड, तीन वेगळ्या वयाच्या बॅच. पुलेटना (अंड्यावर न आलेल्या तलंगांना) ८ व्या आणि १६ व्या आठवड्यात कोरायझाची लस टोचली होती. तरी मधल्या शेडमध्ये ३४ व्या आठवड्यात दोन-तीन दिवसांत शेडभर तोंडं सुजली, नाकातून घाण वाहायला लागली, उत्पादन ९१ टक्क्यांवरून ७० वर आलं. मरतूक फारशी नाही. औषधवाला म्हणतो लस बोगस होती. लसवाला म्हणतो लस चोख आहे, टोचणाऱ्याने घोळ केला. आमचे डॉक्टर म्हणतात, औषध सुरू करायच्या आधी स्वॅब घेऊ. रोग डोळ्यांना दिसतोय, मग स्वॅबवर पैसे आणि दिवस कशाला घालवायचे?
— लेअर उत्पादक, पलूस (जि. सांगली)

उत्तर : दादा, तिघांपैकी ऐकायचं असेल तर डॉक्टरांचं ऐका. बाकी दोघांना काहीतरी विकायचं आहे, निदान स्वतःला वाचवायचं तरी आहे.

पहिली गोष्ट, तोंड सुजलं म्हणजे कोरायझाच असं नसतं. मेटान्यूमोव्हायरसने डोकं सुजतं, जुनाट फाउल कॉलरात गाल सुजतात, देवीचा ओला प्रकार असला तरी डोळ्याभोवती सूज दिसते. पण तुमच्या पत्रात जे आहे, म्हणजे दोन-तीन दिवसांत शेडभर पसरणं, नाकातला चिकट स्राव, मरतूक कमी आणि अंड्यांना मोठा फटका, ते चित्र कोरायझाचंच आहे. शेडमध्ये शिरल्या शिरल्या कुजकट वास येत असेल तर जवळपास नक्की. तो वास एकदा नाकात बसला की सहसा विसरत नाही.

आता तुमचा खरा प्रश्न. रोग तोच, लस त्याच रोगाची, मग अडला का नाही?

कोरायझाचा जिवाणू अॅव्हिबॅक्टेरियम पॅरागॅलिनॅरम. जुन्या पुस्तकांत हिमोफिलस पॅरागॅलिनॅरम म्हणून सापडेल, २००५ मध्ये त्याचं नाव बदललं. बाटलीवर नुसतं ‘कोरायझा’ लिहिलेलं असलं तरी हा जिवाणू एकाच जातकुळीचा नाही. १९६२ मध्ये पेज या शास्त्रज्ञाने त्याचे ए, बी आणि सी असे तीन सीरोटाइप, म्हणजे प्रतिपिंडांवरून ओळखू येणारे प्रकार, पाडले. पुढे १९८० च्या दशकात जपानमध्ये कुमे यांनी त्यांचीच आणखी बारीक विभागणी केली. आज आपण नऊ मोजतो : ए-१ ते ए-४, बी-१, आणि सी-१ ते सी-४. मारलेल्या जिवाणूंची लस ए ची असेल तर ती सी पासून वाचवत नाही, आणि सी ची ए पासून नाही. एकाच अक्षराच्या आतसुद्धा, म्हणजे सी-१ ची लस आणि शेडमध्ये सी-४, असं झालं तर संरक्षण मिळेलच याची हमी नसते. कधी पूर्ण मिळतं, कधी अर्धवट.

म्हणून आधी रिकामी बाटली किंवा तिचं खोकं शोधा. कचऱ्यात गेलं असेल तर विक्रेत्याकडून त्याच लसीचं माहितीपत्रक मागा. त्यावर कोणते सीरोटाइप आहेत ते वाचा. काही लसींत ए आणि सी एवढेच असतात, काहींत तिन्ही. बी बद्दल तर कित्येक वर्षं वाद होता. हा खरा वेगळा प्रकार आहे की प्रयोगशाळेत वाढवता वाढवता मूळ गुण गमावलेला ए किंवा सी, असं विचारलं जायचं. तो स्वतंत्र आहे आणि रोगही चांगलाच करतो हे आता मान्य झालंय, पण लसीत तो असेलच असं धरून चालू नका.

हा फरक येतो कुठून? जिवाणूच्या अंगावर बाहेरून एक भलंमोठं प्रथिन असतं, एचएमटीपी-२१०. त्यातला २१० हा आकडा त्याच्या वजनाचा, आणि जिवाणूच्या प्रथिनांत हे वजन दांडगंच म्हणायचं. कोंबडीच्या तांबड्या पेशी एकमेकींना चिकटवण्याचं काम हेच प्रथिन करतं. कोंबडीच्या पेशींना धरून ठेवायला जिवाणू त्याचाच आधार घेतो, आणि कोंबडीचं शरीर संरक्षक प्रतिपिंडं तयार करतं तीही मुख्यतः त्याच्याविरुद्ध. या प्रथिनाचं जनुक वाचलं तर एक गंमत दिसते. दोन्ही टोकांकडचा भाग ए मध्ये आणि सी मध्ये बराचसा सारखा आहे. मधला एक पट्टा मात्र फार वेगळा. आणि कोंबडीला वाचवणारी प्रतिपिंडं नेमकी या मधल्या पट्ट्याला धरतात. जपानमधल्या संशोधकांनी या पट्ट्याचा तुकडा वेगळा बनवून कोंबड्यांना टोचला, तर त्या सीरोटाइपपासून त्या वाचल्या. म्हणजे ८ व्या आणि १६ व्या आठवड्यात टोचलेल्या लसीने तुमच्या कोंबड्यांच्या रक्तात प्रतिपिंडं भरपूर तयार झालीही असतील, पण ती आलेल्या जिवाणूच्या मधल्या पट्ट्यावर बसतच नसतील. अशा वेळी लस बोगस नसते आणि टोचणाऱ्याचा हातही बरोबर असतो.

हे नुसतं तर्काचं नाही. दक्षिण आफ्रिकेत कोरायझाची लस वर्षानुवर्षं वापरात असूनही रोग वाढत होता. तिथल्या संशोधकांनी साठवून ठेवलेले जुने नमुने काढून नव्यांशी ताडले आणि १९९६ मध्ये निष्कर्ष मांडला : आधी ए चं प्रमाण मोठं होतं, नंतर सी-३ पुढे आला, आणि बाजारातल्या लसींत सी-३ नव्हता. लस ज्यांना अडवते ते मागे पडतात, जे निसटतात त्यांना मोकळं रान मिळतं. साठवलेले नमुने नसते तर तिथेही ‘लस बोगस’ यावरच गाडी थांबली असती.

म्हणून स्वॅब. पण तो नीट घेतला तरच. मी रोगनिदान प्रयोगशाळेत नोकरी केली, तिथे कोरायझाच्या नावाने येणाऱ्या नमुन्यांपैकी पुष्कळ निव्वळ वाया जायचे. चार दिवस औषध पाजून झालेल्या कोंबडीच्या नाकपुडीवर कापूस फिरवायचा आणि तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून एस.टी.च्या पार्सलने पाठवायचा. त्यात उगवायचं ते भलतंच काहीतरी.

तुमचे डॉक्टर करतील ते असं : ज्यांची तोंडं काल-परवाच सुजली आहेत अशा दोन-तीन कोंबड्या निवडायच्या, औषध सुरू व्हायच्या आत. पक्षी मारून डोळ्याखालच्या सुजेवरची पिसं काढायची. सुरीचं पातं ज्योतीवर लाल करून ते त्या कातडीवर टेकवायचं, म्हणजे वरचे फालतू जंतू जळतात. मग निर्जंतुक ब्लेडने तिथे चीर देऊन डोळ्याखालच्या पोकळीत खोलवर स्वॅब घालायचा. तिथला नमुना बहुधा शुद्ध मिळतो. नाकपुडीत दुसरे जंतू इतके असतात की ते याच्यावर वाढून याला झाकून टाकतात. नमुना बर्फात ठेवून त्याच दिवशी लॅबमध्ये. कोंबडीबाहेर हा जिवाणू फार टिकत नाही.

लॅबमध्ये पुढे जे होतं ते मला अजूनही बघायला आवडतं. या जिवाणूला वाढायला एनएडी नावाचा घटक लागतो आणि तो बहुतेकांना स्वतः बनवता येत नाही. म्हणून रक्ताच्या आगरवर, म्हणजे जंतू वाढवायच्या जेलीवर, स्वॅब फिरवून त्यावरून स्टॅफिलोकॉकस या दुसऱ्या जिवाणूची एकच आडवी रेघ ओढतात. स्टॅफिलोकॉकसमधून तो घटक आजूबाजूला झिरपतो. प्लेट मेणबत्तीच्या डब्यात ठेवायची, म्हणजे आतल्या हवेत कार्बन डायऑक्साइड वाढतो. दुसऱ्या दिवशी त्या रेघेला लागून टाचणीच्या टोकाएवढ्या, आरपार दिसणाऱ्या वसाहती उठलेल्या असतात. रेघेपासून लांब जावं तशा त्या लहान होत जातात आणि मग काहीच नाही. दक्षिण आफ्रिकेत एनएडी नसतानाही वाढणारे नमुने सापडले आहेत, त्यामुळे नुसत्या या खुणेवर विसंबून चालत नाही, पीसीआर (जनुकावरून जिवाणू ओळखायची चाचणी) करतात. सीरोटाइप ठरवायला मात्र एकेका सीरोटाइपविरुद्धचा सीरम (प्रतिपिंडं असलेला रक्तद्रव) घेऊन बघावं लागतं. जिवाणू तांबड्या पेशी एकत्र चिकटवतो, म्हणून चाचणीच्या प्लेटमधल्या खळग्याच्या तळाशी त्यांची जाळी पसरते. योग्य सीरम घातला तर चिकटणं थांबतं आणि पेशी घरंगळून तळाशी गोल ठिपक्यात जमतात. ज्या सीरमने ठिपका आला, तो तुमचा सीरोटाइप.

थेट जनुकाच्या मधल्या पट्ट्यावरून प्रकार ओळखायच्या पीसीआर पद्धतीही निघाल्या आहेत. झटपट होतात, पण त्यांचं उत्तर सीरमच्या उत्तराशी दर वेळी जुळत नाही, असं एकाहून जास्त देशांत आढळलंय. जिवाणू जपून ठेवला असेल तर दोन्ही करता येतं. म्हणून लॅबला अर्जातच लिहा की जिवाणू वाढला तर फेकू नका, गोठवून ठेवा. आपल्या पश्चिम महाराष्ट्रात पुण्यातल्या औंधच्या रोग अन्वेषण विभागाचा रस्ता तुमच्या डॉक्टरांना माहीत असणारच. कुठली तपासणी कुठे होते ते आधी फोनवर विचारून घ्यायला सांगा.

रिपोर्ट आला आणि सीरोटाइप लसीतलाच निघाला, तर मग टोचणाऱ्याकडे आणि फ्रीजकडे बघायचं. तेलातली मारलेली लस फ्रीजमध्ये गोठली की संपली. ती डीप फ्रीजरच्या कप्प्याला चिकटून पडलेली मी कितीतरी फार्मवर पाहिली आहे, शेजारी आइस्क्रीम. दोन टोचण्यांत चार आठवडे तरी हवेत, तुमच्यात आठ आहेत, ते ठीक. संध्याकाळी मजुरांना घाई झाली की शेवटच्या ओळीतल्या पिंजऱ्यांना काय मिळतं ते मात्र मी सांगायला नको.

आणि रिपोर्ट काहीही येवो, तुमच्या फार्मवरचं खरं दुखणं पत्राच्या पहिल्या ओळीत आहे. तीन शेड, तीन वयं. कोरायझातून उठलेली कोंबडी बरी दिसते, पण जंतू बाळगून असते. अँटिबायोटिक देऊन सूज उतरेल, अंडी हळूहळू चढतील, औषध थांबवलं की काही पक्ष्यांत पुन्हा दिसेल. जिवाणू जाणार नाही. तुमच्या पुढच्या पुलेट त्याच आवारात आल्या की म्हाताऱ्या शेडमधून त्यांना भेट मिळणार. सगळी शेड एकदम रिकामी करून, धुऊन, दोन-तीन आठवडे तशीच ठेवणं परवडत नाही असं सगळेच म्हणतात. ७० टक्क्यांवर आठ आठवडे काढणं कसं परवडतं, ते कागदावर मांडून बघा. तोवर निदान मजूर वेगळे, ट्रे वेगळे, आणि रोज फेरी मारायची ती लहान वयाच्या शेडपासून आजारी शेडकडे, उलट नाही.

औषध कोणतं आणि किती दिवस हे इथे लिहीत नाही. अंड्यावरच्या पक्ष्यांना काय चालतं आणि किती दिवस अंडी विकायची नाहीत, हे डॉक्टरांकडून चिठ्ठीवर लिहून घ्या.

प्रश्न : आमच्याच शेडमधल्या जंतूपासून आमच्यासाठी लस बनवून देतो, असं एकजण सांगतो. घ्यावी का?
— अंडी उत्पादक, मालेगाव

उत्तर : कल्पना चुकीची नाही. कित्येक देशांत रीतसर परवाना असलेल्या लॅब अशा लसी बनवतात आणि कोरायझात त्यांचा उपयोगही होतो, कारण वर सांगितलं तेच. पण परवाना नसलेल्या माणसाने बाटलीत भरून दिलेलं मी माझ्या कोंबडीला टोचणार नाही. जिवाणू पुरता मेला आहे का, सोबत दुसरं काय आलं आहे, हे कोण तपासणार? परवान्याशिवाय लस बनवून विकणं कायद्यातही बसत नाही. त्याच्याकडे परवान्याचा कागद मागा. बहुतेक वेळा पुढचं संभाषण तिथेच आटोपतं.

प्रश्न : पिल्लं मायकोप्लाझ्मामुक्त म्हणून घेतली. १८ व्या आठवड्यात रक्त तपासलं तर एमजी (मायकोप्लाझ्मा गॅलिसेप्टिकम) पॉझिटिव्ह. दुसऱ्या लॅबने निगेटिव्ह सांगितलं. मधल्या काळात एमजीची जिवंत लसही देऊन झाली होती. आता हॅचरीशी भांडू की लॅबशी?
— पोल्ट्रीधारक, चिपळूण

उत्तर : तूर्त कुणाशीच नको. जिवंत लस दिली की रक्त पॉझिटिव्ह येऊ शकतं, लस ज्या वाणाची त्यावर ते कमी-जास्त. शिवाय काचपट्टीवरची रंगीत अँटिजेनची चाचणी तेलातली कुठलीही लस टोचल्यावर दोन-तीन आठवडे खोटं बोलू शकते, आणि गोठवलेल्या सीरमवरही बिघडते. दोन लॅबची दोन उत्तरं यायला एवढं पुरतं.

लशीतला वाण आणि बाहेरून आलेला वाण यांत फरक करायचा तर घशातून स्वॅब घेऊन पीसीआर, आणि मग एमजीसी-२ या जनुकाचं वाचन. हे जनुकही पृष्ठभागावरच्या प्रथिनाचं. जिवाणू श्वासनलिकेला चिकटतो त्यात याचा हात आहे. वाणागणिक त्याच्या अक्षरांत पुरेसा फरक असल्याने लसीचा वाण सहसा ओळखता येतो. हॅचरीशी बोलायचं तर हा कागद हातात घेऊन बोला. एमजी अंड्यातून पिल्लात उतरतो हे खरं, त्यामुळे तुमची शंका अगदीच निराधार नाही.

पण एमजीची खरी करामत दुसऱ्या प्रथिनात आहे. कोरायझाचे नऊ प्रकार हे नऊ वेगवेगळे जिवाणू. एमजीचा एकच वाण, एकाच कोंबडीच्या घशात बसून, स्वतःचं रूप बदलत राहतो, निव्वळ बहुरूपी. त्याच्याकडे व्हीएलएचए नावाच्या प्रथिनांची जनुकं ढीगभर असतात. आर-लो या वाणाचा संपूर्ण जनुकसंच २००३ मध्ये वाचला, त्यात ती ४३ निघाली. एका वेळी त्यांतलं बहुधा एकच चालू. चालू-बंद करायची कळ इतकी साधी की हसू येतं : जनुकाच्या आधी जीएए ही तीन अक्षरं एकामागून एक लिहिलेली असतात. ती बारा वेळा आली की जनुक चालू. अकरा किंवा तेरा झाली की बंद. जिवाणू दुभंगताना नक्कल करताना एखादं जीएए गळतं किंवा वाढतं, आणि अंगावरचं प्रथिन बदलतं. कोंबडीने कालच्या रूपाविरुद्ध प्रतिपिंडं तयार करून ठेवलेली असतात, तोवर हा आजच्या रूपात. एवढ्या छोट्या जनुकसंचाच्या जिवाणूने, ज्याला पेशीभित्तिकासुद्धा नाही, इतकी जनुकं या एकाच कामाला लावावीत! १९९४ मध्ये अमेरिकेत वॉशिंग्टनच्या आसपास हाउस फिंच नावाच्या रानपाखरांचे डोळे सुजायला लागले, तोही हाच एमजी. कोंबडीचा म्हणून ओळखला जाणारा जिवाणू परसातल्या चिमणीएवढ्या पाखरांत स्थिरावला आणि पसरत गेला.

तुमच्यापुरतं एवढंच : एमजीची लस नुकसान कमी करते, शेड निर्जंतुक करत नाही. पेशीभित्तिका नसल्याने पेनिसिलिनच्या जातीची औषधं यावर चालतच नाहीत, ती आणून पैसे घालवू नका. टायम्युलिन देणार असाल तर आधी खाद्याच्या पोत्यावर मोनेन्सिन किंवा सॅलिनोमायसिन लिहिलंय का ते बघा. टायम्युलिन आणि या दोहोंपैकी कोणतंही एक एकत्र पोटात गेलं की पक्षी लंगडतात, पडतात, मरतात, आणि मग तोही एमजीच समजला जातो.

प्रश्न : मॅडम, जिवाणूचे सगळे प्रकार पृष्ठभागावरच्या प्रथिनांवरूनच ठरतात का? आमच्यात यावरून वाद झाला.
— पशुवैद्यकीय विद्यार्थिनी, परभणी

उत्तर : नाही गं. फाउल कॉलराचा पाश्चुरेला मल्टोसिडा घे. त्याचे ए, बी, डी, ई, एफ हे गट कवचावरून, आणि कवच शर्करेचं. हेडलस्टन या शास्त्रज्ञाचे १६ प्रकार लायपोपॉलिसॅकराइडवरून (मेद आणि शर्करा यांच्या जोडीवरून), तेही प्रथिन नव्हे. ई. कोलायच्या ‘ओ’ प्रकारांचंही तेच, ‘एच’ मात्र शेपटीतल्या प्रथिनाचा. तरी या शर्करा जोडणारी विकरं जनुकांतूनच येतात, त्यामुळे वादात दोन्ही बाजूंना थोडे थोडे गुण दे. आणि पाश्चुरेलाच्या बाह्य पटलावरच्या प्रथिनांकडेही लसवाल्यांचं लक्ष आहे, कारण १६ प्रकारांच्या सीमा ओलांडून संरक्षण देईल असं काही त्यांतच मिळायची आशा. पाश्चरने १८८० च्या सुमारास प्रयोगशाळेत जिवाणू दुबळा करून लस केली ती याच रोगाची, हे परीक्षेत विचारतात, विसरू नकोस.

प्रश्न : माझ्या १५ गावरान कोंबड्या आहेत. वाडीतल्या एकीकडे कोंबड्यांची तोंडं सुजली आहेत. मीही कोरायझाची लस घ्यावी का? आणि अंडी खाल्ली तर आपल्याला होतं का?
— गृहिणी, सावंतवाडी

उत्तर : ताई, माणसाला कोरायझा होत नाही. अंडी खा. औषध चालू असलेल्या कोंबडीची मात्र नको.

लसीची बाटली शेकड्यांनी डोसची येते, फोडली की त्याच दिवशी संपवायची. १५ कोंबड्यांसाठी ती आणू नका. तेवढ्या खर्चात मानमोडीची (राणीखेतची) आणि देवीची लस वाडीतल्या सगळ्यांनी मिळून, पशुवैद्यकीय दवाखान्यात सांगून टोचून घ्या. गावरान कोंबड्या घाऊक मरतात त्या मानमोडीने, कोरायझाने नाही.

कोरायझासाठी तुम्हाला पाळता येईल असं एकच : वाडीतल्या त्या घरची किंवा आठवडी बाजारातली कोंबडी, कितीही स्वस्त आणि कितीही टुमटुमीत दिसली तरी, सध्या घेऊ नका. घेतलीच तर ती तीन आठवडे वेगळ्या डालग्याखाली, वेगळ्या भांड्यात पाणी, आणि आपल्या कोंबड्यांचं सगळं आटोपल्यावर तिचं. एवढं करूनही बरी होऊन जंतू बाळगणारी कोंबडी वरून ओळखू येत नाही. म्हणून मी तर अंडी आणून आपल्याच खुडूक कोंबडीखाली बसवायला सांगेन. कोरायझा अंड्यातून उतरत नाही. अंडी मात्र विष्ठा लागलेली नकोत, स्वच्छ बघून घ्या.